सातपर्यंत पुरे

मधल्या सुट्टीची घंटा होऊन शिक्षकांच्या खोलीत नुकता कुठे चहा आला होता, सरांनी कप हातात घेतला होता, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन मुंगीच्या आईचा होता. मुंगीची आई म्हणजे एकेकाळी सरांची बायको. पण आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. ती मुंगीला, त्यांच्या मुलीला, घेऊन दुसऱ्या शहरात राहत होती आणि कागदोपत्री सगळं रीतसर संपलेलं होतं. ती कामाशिवाय फोन करत नसे, आणि शाळेच्या वेळेत तर नाहीच नाही. कप तसाच घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "काय झालं? मुंगी बरी आहे ना?"

"बरी आहे," ती म्हणाली. "काल तिला शाळेत फळ्यापाशी बोलावलं होतं. सत्त्याण्णव ही मूळ संख्या आहे का, दाखव म्हणाल्या बाई. हिनं दोननं भागून पाहिलं, तीननं पाहिलं, पाचनं, सातनं. आणि थांबलीच नाही. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. सगळा फळा भरवला. अख्खा वर्ग हसत होता म्हणे. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं तुला? तर ही म्हणते, माझे बाबा गणिताचे शिक्षक आहेत. मग तर विचारूच नकोस."

सरांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"घरी येऊन दप्तर फेकलं आणि रडत बसली. मला विचारते, आई, बाबाला गणित येत नाही का गं? काय सांगू मी तिला?"

"अगं, मी..."

"सातपर्यंत पाहिलं की पुरे, हे मला तू शिकवलंयस. पेपर तपासताना कुणी पोरानं पुढे भागाकार केलेला दिसला की कपाळाला हात लावायचास. तेव्हा मला काही सांगू नकोस." मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "का केलंस ते मला कळतंय. एवढी काही मी दूधखुळी नाही. पण आता बास. पुढच्या आठवड्यापासून तिला क्लास लावतेय, रविवारचा. गणिताचं तुझ्याकडे नको आता. आणि आज संध्याकाळी तिला फोन कर. काय सांगायचं ते तुझं तू सांग."

फोन बंद झाल्यावरही सर तो कानाला लावून उभे राहिले, कारण खोलीकडे तोंड वळवायचं म्हणजे चेहरा सरळ करायला हवा होता. चित्रकलेच्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "सगळं ठीक ना, सर?" आणि सर म्हणाले, "हो हो, अगदी." सरांच्या तोंडात हा शब्द कायम तयार असे. घरी काय म्हणतात, अगदी. मुलगी मजेत ना, अगदी. माणसं एवढ्यावर समाधान मानतात, हा सरांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता, आणि त्यांनी समाधान मानलं की सरांना त्यांचा थोडासा रागही येई. आताही बाई डब्याकडे वळल्या. चहावर साय धरली होती. सरांनी ती चमच्यानं बाजूला सारली आणि चहा न पिता कप ट्रेमध्ये ठेवून दिला.

कळतंय म्हणाली. तेच तर वाईट होतं. तिनं वेडंवाकडं काही बोलून घेतलं असतं तर सरांना मनातल्या मनात भांडता आलं असतं. लग्नात शेवटी शेवटी तेवढं एक त्यांना चांगलं जमायला लागलं होतं. पण तिला कळलं होतं, आणि या एका गोष्टीत ती त्यांना अजून आरपार ओळखत होती. मुंगी तिकडे गेल्यावर सुरुवातीला सर रोज फोन करायचे. काय जेवलीस, पोळी-भाजी. शाळा कशी आहे, बरी. मैत्रीण झाली का, हो. मग दोघंही गप्प, आणि मग ती हळूच विचारायची, "ठेवू?" त्या 'ठेवू'ची सरांना धास्तीच बसली होती. दिवसभर ते विषय गोळा करत. आज एक मांजर वर्गात आलं होतं, आज एका मुलानं डबा उलटा उघडला. ते सांगून झालं की तिकडून एक बेताचं हसू यायचं आणि मागोमाग "ठेवू?" यायचंच. मुलीशी बोलायला माणसाला विषय लागतात ही गोष्टच मुळी सरांच्या पचनी पडत नव्हती. ती या घरात होती तेव्हा कुठे विषय लागायचे? ती जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची, सर टेबलाशी पेपर तपासायचे, मध्येच कुणीतरी काहीतरी म्हणायचं, बहुतेक वेळा तेही नाही. मग फोन रोजचे एकदिवसाआड झाले, एकदिवसाआडचे रविवारचे झाले. आणि एका रविवारी, 'ठेवू' यायच्या बेतात असताना, ती म्हणाली, "बाबा, मला विभाजक कळत नाहीयेत. शाळेत पटापट घेतात." बुडत्या माणसाच्या हाती दोर यावा तसं झालं सरांना. त्या रविवारी पहिल्यांदाच फोनवर बोलता बोलता सरांचा कान गरम झाला.

आणि मग चटकच लागली. बोलण्याची नव्हे, ऐकण्याची. मुंगी फोन टेबलावर ठेवून गणितं सोडवायची आणि सरांना सगळं ऐकू यायचं. पेन्सिलीची करकर. खोडरबरानं खोडल्यावर फुंकर मारून कचरा उडवायची तिची लहानपणापासूनची सवय. पाढे पुटपुटताना मध्येच ओढलेलं नाक. तिनं पाय हलवले की खुर्ची कुरकुरायची, मागे कुठेतरी भांडं वाजायचं, दार लागायचं. सर डोळे मिटून बसत. ती पलीकडच्या खोलीत आहे, एवढंच. हाक मारली तर येईल. आणि नेमका तेव्हाच मूळ संख्यांचा धडा आला. एखादी संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला तिसऱ्या कुणानं पुरता भाग जात नाही ना, हे पाहायचं तर थोड्याच भागाकारांत काम होतं. सत्त्याण्णव असेल तर दोन, तीन, पाच आणि सात. सातनंही भाग गेला नाही की संपलं, मूळ. सर हे वर्गात डोळे झाकून सांगत आले होते. पण त्या दिवशी मुंगी म्हणाली, "सातनं पण नाही जात. आता?" आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "अकरानं बघ." जीभ चावायला वेळ होता. चावली नाही. "कुठपर्यंत बघायचं बाबा?" "अर्ध्यापर्यंत," सर म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. अर्ध्याच्या पुढे, ती संख्या स्वतः सोडून, कुणी विभाजक नसतोच, तेव्हा अर्ध्यापर्यंत पाहणारा कधी चुकत नाही, फक्त त्याचा वेळ जातो. पाढे पक्के होतात, भागाकाराला हात बसतो, अशी स्वतःची समजूतही सरांनी घालून ठेवली होती. माणूस हुशार असला की स्वतःला गंडवणं फार सोपं जातं. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, उरले नऊ. तेरा साते एक्क्याण्णव, उरले सहा. पोर इमानेइतबारे सत्तेचाळीसपर्यंत जायची, आणि सर खिडकीबाहेरच्या इमारतीतले दिवे लागताना बघत ऐकत राहायचे.

घंटा झाली. सहावीच्या वर्गात आज हेच होतं, त्याला इलाज नव्हता. सरांनी नेहमीप्रमाणे बाटल्यांच्या झाकणांचा डबा आणला आणि प्रत्येक बाकावर मूठ मूठ झाकणं ओतली. ही त्यांची जुनी रीत. बारा झाकणं घ्या आणि आयत मांडा. दोन ओळी सहाच्या होतात, तीन ओळी चारच्या होतात, म्हणजे हे सगळे बाराचे विभाजक. आता तेरा घ्या. मुलं झाकणं सरकवत राहतात, दोन ओळी करतात तर एक झाकण उरतं, तीन करतात तरी एक उरतं, चार करतात तरी एक उरतंच, आणि मग कुणीतरी वैतागून सगळी एकाच लांब ओळीत लावून टाकतं. तीच मूळ संख्या. दरवर्षी या वेळी वर्गातलं कुणीतरी म्हणतंच, आणि आज खिडकीजवळच्या मुलीनं म्हटलं, "सर, तेरा बिचारी एकटीच." सरांना हे कधीच आवडत नसे. "संख्या एकटीबिकटी नसते," ते एरवीपेक्षा जरा जोरात म्हणाले. "तिला त्याचं काही वाटत नाही. ओळ लाव." मुलगी गोरीमोरी झाली आणि सरांना लगेच वाईट वाटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग एक ही मूळ संख्या का नाही? कारण मूळ संख्येला दोन विभाजक हवेत, सर म्हणाले, एक आणि ती स्वतः. एकाकडे एकच आहे. मग एक कुठे बसतो, सर? "कुठेच नाही," सर म्हणाले. वर्ग हसला. सरही हसले, कारण इथे ते दरवर्षी हसत.

मग त्यांनी फळ्यावर सत्त्याण्णव लिहिलं. दुसरं काहीही लिहिता आलं असतं. पण हाताला सवय होती. खिडकीजवळच्या त्या मुलीला, मघाशी रागावलो म्हणून, त्यांनी मुद्दाम बोलावलं. ती उंचीनं लहान होती, खडू धरलेला हात खांद्याच्या वर नेऊन लिहीत होती. दोननं नाही. तीननं नाही. पाचनं नाही. सातनं, तेरा साते एक्क्याण्णव, उरले सहा, नाही. तिनं मागे वळून सरांकडे पाहिलं. इथे सर म्हणत, शाबास, बस खाली. आज सर टेबलाला टेकून उभे होते आणि खडूचा आवाज थांबला एवढंच त्यांच्या लक्षात आलं. "पुढे," ते म्हणाले. मुलगी गोंधळली, पण सर सांगताहेत म्हटल्यावर तिनं अकरा लिहिलं. मग तेरा. खडू करकरत होता. सतरा पाचे पंच्याऐंशी, उरले बारा. वर्गात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी खुसकन हसलं. मुलीचे कान लाल झाले. पाठमोऱ्या पोरीचे फक्त कान दिसतात, वेणीच्या दोन्ही बाजूंना, आणि मागून हसू आलं की ती वळत नाही, आणखी वेगानं लिहायला लागते, आकडे वेडेवाकडे होतात, कारण एकदा का संपवलं की बसता येणार असतं. सरांनी हे या आधी शेकडो वेळा पाहिलं असेल. पाहिलं होतं, एवढंच. आत कधी गेलं नव्हतं. एकोणीस पाचे पंच्याण्णव. "सर," पहिल्या बाकावरचा एक चष्मेवाला धीर करून म्हणाला, "सातपर्यंत पुरे ना? सातवीतली माझी ताई म्हणते, तुम्हीच तसं शिकवता." सरांनी पाहिलं तर मुलगी तेवीस लिहून थांबली होती आणि डस्टर हातात घट्ट धरून फळ्याकडेच बघत होती. "हो," सर म्हणाले. "पुरे. चूक माझी आहे, तिची नाही. कुणी हसायचं नाही." आवाज इतका वेगळा आला की खरंच कुणी हसलं नाही. उरलेला तास त्यांनी मुलांना पुस्तकातली उदाहरणं सोडवायला दिली आणि खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला, पंखा लावला, बूट न काढताच खाटेवर बसले. पंखा नेहमीसारखा टक टक करायला लागला. त्याला तेल घालायचं कधीचं राहिलं होतं, खालचा वायरमन दोनदा विचारून गेला होता, पण आज करू उद्या करू यात ते काम भिजत पडलं होतं. घरात ऐकणारं दुसरं कोण होतं? मुंगीची जुनी रंगपेटी अजून कपाटावर होती. सरांनी मनात वाक्यं जुळवून पाहिली. बेटा, बाबाच्या लक्षातच आलं नाही. हे सोपं होतं. म्हाताऱ्या बाबाला येत नाही, असं म्हणून पोर चार दिवसांत विसरून गेली असती, आणि बाबा एक साधा बिनडोक मास्तर राहिला असता, त्यातही काही बिघडत नव्हतं. किंवा, पाढे पक्के व्हावेत म्हणून मुद्दाम. हे तर त्याहून सोपं, आणि अर्धं खरंही. पण दोन्ही वाक्यांच्या मागे सरांना फळ्यासमोरचे ते लाल कान दिसत होते, आणि आता ते वर्गातल्या त्या मुलीचे राहिले नव्हते. तिनं सगळ्यांदेखत, हसणाऱ्या वर्गापुढे, बाबाचं नाव सांगितलं होतं. विश्वासानं. आणि ज्याचं नाव सांगितलं त्यानंच तिला तोंडघशी पाडलं होतं, कशासाठी, तर त्याला जरा बरं वाटावं म्हणून. सरांना स्वतःची लाज वाटली. लाजेहून जास्त भीती वाटली. गणित गेलं की मग मागे काय उरतं ते त्यांना माहीत होतं: पोळी-भाजी, बरी, हो, ठेवू?

त्यांनी फोन लावला. तिकडे मुंगीनंच उचलला, पण नेहमीसारखं "बाबा" म्हणाली नाही.

"आईनं सांगितलं मला," सर म्हणाले.

"बाबा, तुला माहीत नव्हतं का रे?"

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "माहीत होतं."

"सातपर्यंतच बघायचं हे?"

"हो. आधीपासून माहीत होतं."

अगदी सरळ, रडत नव्हे, नुसतं न कळून ती म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस?"

"लवकर संपलं असतं."

"काय संपलं असतं?"

"फोन," सर म्हणाले. "तू गणितं करायचीस ना, तेव्हा मला तू इथेच आहेस असं वाटायचं. म्हणून मी लांबवत बसलो. फार चुकलं माझं, मुंगे."

"सगळे हसले मला," मुंगी म्हणाली आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. "मी तुझं नाव सांगितलं तर आणखीच हसले. तू सांगायचं होतंस ना मला. मी तरी थांबले असते ना फोनवर."

थांबले असते, ती म्हणाली होती. खरंच थांबली असती का, कोण जाणे. लहान मुलं रागात काहीही म्हणतात. त्यांनी तळहातानं डोळे पुसले आणि तो तळहात तसाच गुडघ्यावर ठेवला. तिकडे तिनं नाक ओढलं, कुठलासा कागद ओढून नाक पुसलं, आणि मग एकदम मोठ्या बाईसारखी म्हणाली, "आता शिकव. नीट शिकव, उद्या बाई परत विचारतील."

"छत्तीस घे," सर म्हणाले. "कुणाला कुणी गुणलं की छत्तीस होतात, जोड्या सांग."

"एक छत्तीस. दोन अठरा. तीन बारा. चार नऊ. सहा सहा."

"पुढे?"

"नऊ चार... ती तर झाली की."

"झाली ना? म्हणजे विभाजक जोडीनं येतात. एक धाकटा, एक मोठा. सहाच्या पुढे गेलीस की त्याच जोड्या उलट्या होऊन येतात. आता सत्त्याण्णव. दहा दाहे शंभर. म्हणजे?"

तिनं विचार केला. सरांना तो ऐकू आला. "म्हणजे धाकटा दहाच्या आत हवा. तो नाही सापडला तर मोठा पण नसणार. म्हणून सात." आणि लगेच, जरा चिडून, "एवढंच होतं?"

"एवढंच. एकशे तेरा करून दाखव."

पेन्सिल करकरली. सरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. "अकरा अकरा एकशे एकवीस, म्हणजे अकराच्या आत," ती पुटपुटली. "दोन नाही. तीन नाही. पाच नाही. सात... सोळा साते एकशे बारा, एक उरला. मूळ. झालं." खरंच झालं होतं. खुर्ची एकदा कुरकुरायलाही वेळ मिळाला नव्हता.

"शाबास," सर म्हणाले. "आता तुला कुणी हसणार नाही."

"रविवारी क्लास आहे माझा."

"माहीत आहे. जात जा नीट."

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज आला. मग काही नाही. विषय कुठला काढावा हे सरांना सुचलं नाही. मांजर नव्हतं, डबा नव्हता, आणि वर्गात आज जे झालं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आता येईल, ते मनाशी म्हणाले, आणि 'ठेवू' ऐकायला त्यांनी फोन जरा घट्ट धरला.

"बाबा," मुंगी म्हणाली, "हे टक टक काय वाजतंय?"

"पंखा आहे. त्याला तेल घालायचंय."

"नेहमी वाजतो?"

"बरेच दिवस झाले."

"मला वाटायचं तू पेन्सिल आपटतोस टेबलावर," ती म्हणाली. "मी गणितं करत असले ना, की ऐकू यायचं. मला वाटायचं तू पेपर तपासतोयस, तिथेच."

सर उठले. बूट अजून पायातच होते. बटणाकडे हात नेत ते म्हणाले, "थांब, बंद करतो."

"नको," मुंगी म्हणाली. "असू दे."

सर भिंतीपाशीच उभे राहिले. तिकडे एक खुर्ची कुरकुरली, कुठेतरी दार लागलं. मग ती काही बोलली नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.